ड्राफ्टचा करार: घासाघीस कशावर होते आणि कशावर नाही

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये संघ सात फेऱ्यांत, पाळीपाळीने, कॉलेजमधले नवे खेळाडू निवडतात. शिकागो बेअर्सने 2024 च्या ड्राफ्टमध्ये केलेब विल्यम्सला पहिल्या क्रमांकावर घेतलं. करार चार वर्षांचा, सुमारे 3 कोटी 95 लाख डॉलरचा. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांना वाटेल की कुणीतरी बोली चढवत नेली असणार. तसं काहीच झालं नाही. ड्राफ्टमध्ये किंमत खेळाडूची नसते, क्रमांकाची असते.

गणित असं. पहिल्या वर्षी पगार किमान, म्हणजे 2024 मध्ये 7 लाख 95 हजार. साइनिंग बोनस, म्हणजे सही केल्याबद्दलची रक्कम, 2 कोटी 55 लाखांच्या आसपास. तो हातात लवकर पडतो, पण संघाच्या हिशेबात चार वर्षांवर सारखा वाटला जातो, वर्षाला सुमारे 63.9 लाख. दोन्ही मिळून पहिल्या वर्षाचा सॅलरी कॅपवरचा (संघाच्या वर्षभराच्या पगारखर्चाच्या मर्यादेवरचा) बोजा 71.8 लाख. पुढच्या प्रत्येक वर्षी या पहिल्या आकड्याच्या 25 टक्के, म्हणजे साधारण 18 लाखच वाढवता येतात. 71.8, 89.7, 107.7, 125.6. बेरीज करून बघा, साडेपाच पट येते. बातमीतला आकडा तोच.

2011 पूर्वी हे नव्हतं. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डने सेंट लुइस रॅम्सकडून सहा वर्षांचे 7 कोटी 80 लाख मिळवले, त्यातले 5 कोटी गॅरंटीचे, म्हणजे संघाने काढून टाकलं तरी मिळणारे. पुढच्याच वर्षी लीग आणि खेळाडू संघटनेतल्या नव्या सामूहिक करारानंतर कॅम न्यूटनला चार वर्षांचे साधारण 2 कोटी 20 लाख. एकही सामना न खेळलेल्या पोराला जुन्या खेळाडूंपेक्षा जास्त मिळत होतं, ते थांबलं.

मग एजंट करतो काय? रक्कम ठरलेली असली तरी अटी ठरलेल्या नसतात. बोनस कोणत्या तारखांना मिळणार? संघाने काढून टाकल्यावर दुसरीकडे मिळालेला पगार गॅरंटीतून वजा होणार का? या वजावटीला ऑफसेट म्हणतात. 2016 मध्ये जोई बोसा आणि सॅन डिएगो चार्जर्स यांचं याच दोन मुद्द्यांवर अडलं आणि बोसा जवळजवळ महिनाभर सरावाला आला नाही. 2025 मध्ये भांडण दुसऱ्या फेरीत पोचलं. ह्यूस्टन टेक्सन्सने 34 व्या क्रमांकाच्या जेडन हिगिन्सला पूर्ण गॅरंटी दिली. दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला ती तोवर मिळालेली नव्हती. झालं, त्या फेरीतले बाकीचे बहुतेक जण जुलैपर्यंत सही न करता बसले.

संघाची फजिती होते ती बोनसच्या वाटणीत. खेळाडू दुसऱ्या संघाला दिला तरी दिलेला बोनस जुन्याच संघाच्या कॅपवर राहतो. याला डेड मनी म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोने 2021 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर ट्रे लान्सला घेतलं आणि ऑगस्ट 2023 मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला दिलं. तो गेला, पण बोनसचे सुमारे 55 लाख 2024 मध्येही सॅन फ्रान्सिस्कोच्याच हिशेबात होते.

हा तोटा त्याच संघाला पचला, कारण त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ब्रॉक पर्डी होता: 2022 चा शेवटचा, 262 वा क्रमांक, साइनिंग बोनस 77,008 डॉलर. तिसरा हंगाम संपेपर्यंत असा करार बदलता येत नाही, त्यामुळे 2023 च्या हंगामात संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेणाऱ्याचा पगार होता 8 लाख 70 हजार. नवा करार झाला मे 2025 मध्ये: पाच वर्षं, 26 कोटी 50 लाख. स्वस्त क्वार्टरबॅक हाताशी असलेली ही वर्षं म्हणजे महागडे बचावपटू घेण्याची संधी, आणि माझ्या मते ड्राफ्टचं खरं आर्थिक मोल इथेच आहे.

पहिल्या फेरीत आणखी एक कलम असतं: पाचव्या वर्षाचा पर्याय, म्हणजे चार वर्षांचा करार आणखी एक वर्ष वाढवण्याचा संघाचा हक्क. तिसऱ्या हंगामानंतर मेच्या सुरुवातीपर्यंत संघाने ठरवायचं. हो म्हटलं की 2020 च्या सामूहिक करारानुसार ती रक्कम पूर्ण गॅरंटीची.

सातव्या फेरीच्या शेवटी मात्र गंमत उलटते. तिथे कित्येक एजंटांना आपला खेळाडू निवडलाच जाऊ नये असं वाटतं. न निवडलेल्याचा करार तीनच वर्षांचा, संघ त्याला स्वतः निवडता येतो, आणि दोन-तीन संघ मागे लागले तर गॅरंटीही सातव्या फेरीवाल्यापेक्षा जास्त मिळू शकते.