ऐकायलीस काय गं?

खानापूरला जुलैचा पाऊस कौलांवर पडायला लागला की शेजारच्या खोलीतलं बोलणंही ऐकू येत नाही. त्या संध्याकाळी सासूबाई चुलीपाशी बसून गुडघ्याचं दुखणं सांगत होत्या आणि मी भाकरी थापता थापता नुसती ‘हं, हं’ करत होते. त्या थांबल्या. म्हणाल्या, “ऐकायलीस काय गं?”

परातीतला हात तसाच राहिला. माझी प्रार्थनाही अशीच चालायची. मुलाची परीक्षा, धाकट्या दिराची नोकरी, भाताची लावणी, सगळी यादी देवापुढे वाचायची, आमेन म्हणायचं, उठायचं. बायबलमधला लहानगा शमुवेल तीनदा हाक ऐकून, आपला गुरू याजक एलीच बोलावतोय असं समजून त्याच्याकडे धावला; चौथ्यांदा म्हणाला, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ आणि हाक देवाची आहे, हे ओळखलं ते दृष्टी मंदावलेल्या म्हाताऱ्या एलीने! मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

आता पहाटे आधी दहा मिनिटं गप्प बसते, यादी मागून. मन बाजारात पळतं, परत आणते. परवा त्या शांततेत सासूबाईंचाच चेहरा डोळ्यांपुढे आला. चहा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. गुडघा दुखतोच त्यांचा, पण सांगायचं होतं ते सासऱ्यांबद्दल. पाऊण तास बोलल्या. चहा निवून गेला.