आईची कुर्ली

पहिल्या बोनसची पार्टी म्हणून आईला फोर्टातल्या एका महागड्या सीफूड हॉटेलात नेलं. जुलै होता. मेन्यूत दर नाहीत, नुसतं 'बाजारभावाप्रमाणे'. वेटर म्हणाला, "मॅडम, पापलेट एकदम फ्रेश." आईने माझ्याकडे बघितलं. 1 जून ते 31 जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद, हे मालवणात शेंबड्या पोरालाही ठाऊक. "ह्यां बरफातला," ती पुटपुटली आणि कुर्ली, म्हणजे खेकडा, मागवली. कुर्ली खाडीतली, तिला बंदीचं काय!

वेटर सुतळीने बांधलेली जिवंत कुर्ली ताटात घेऊन आला, लोक फोटो काढतात तशी दाखवायला. आईने सरळ उचलली. तळहातावर तोलली, उलटी केली, पोटावरची झडप बघितली: निमुळती, म्हणजे नर. मग अंगठ्याने कवच दाबलं. "हलकी आसा. नुकतीच कात टाकल्यान. आत नुसतां पाणी." दुसरी आणायला लावली. वेटर आधी कसंनुसं हसला, पण दुसरी आणताना स्वतःच तोलत आला. 900 ग्रॅम.

बटर-गार्लिकमध्ये करून आली. चव छान, पण लोणीच जास्त, हे माझं मत. आईने काही न बोलता नांगे दातांनी फोडले. शेजारच्या टेबलावर चिमटे चालले होते. सोलकढी वाइनच्या ग्लासात आली तेव्हा मात्र तिला हसू आवरेना.

बिल मी तिला दाखवलं नाही. टॅक्सीत तिने तीनदा विचारलं.