तुम्ही विचारलंत म्हणून : इतकी वर्षं काय करत होतात?

ठाण्यात जांभळी नाक्यावर भाजी घेताना, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुणी ना कुणी विचारतंच. "अहो, तुमचा तो ज्ञानेश्वरांचा पिक्चर आला का? चार वर्षं झाली की!" चार नाही, सहा झाली. त्या चित्रपटाची प्रॉपर्टी मी सांभाळते. म्हणजे पणती मागितली तर पणती, रेडा मागितला तर रेडा हजर करायचा.

पहिला उशीर माझ्याच नावावर आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे एका शेतात आळंदी उभी केली. मी हौसेनं झेंडूची तोरणं बांधली. इतिहासाचे सल्लागार आले आणि म्हणाले, उतरवा. झेंडू मूळचा अमेरिकेतला. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२, म्हणजे १२९० साली. तेव्हा इथं झेंडू नव्हता, बटाटा नव्हता आणि मिरचीही नव्हती. ती पोर्तुगीजांबरोबर आली. भाकरीवरचा ठेचा उचलला, मिरं-मीठ ठेवलं. सकाळ तिथंच गेली. दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्यावर तुळस आणि सोनचाफा मागितला, तर फुलवाल्या मावशी म्हणाल्या, "देवाच्या पिक्चरला झेंडू नको? कसला पिक्चर काढताय?"

डिसेंबरात पैसे संपले. मग टाळेबंदी. शेवटाला आजची वारी दाखवायची होती, पण २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारीच निघाली नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या.

लोकांना वाटतं, शूटिंग थांबलं म्हणजे सगळं जागच्या जागी थांबतं. २०२२ मध्ये परत गेलो तर आमच्या आळंदीमागे, येऊरचा डोंगर झाकेल असा टॉवर उभा होता, वर क्रेन. हमरस्त्यावर मेट्रोचे खांब. टॉवर झाकायला केळी लावल्या. पहिला रेडा मालकानं विकलेला. नव्याची शिंगं वेगळी, आणि प्राणी कॅमेऱ्यासमोर आणायचा तर केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, ती नव्यानं काढा. सोपानाचं काम करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला होता. त्याचं डबिंग दुसऱ्याच पोरानं केलं.

पण खरी पंचाईत मुक्ताईची. ताटीचा, म्हणजे झोपडीच्या विणलेल्या दाराचा, प्रसंग अर्धाच झाला होता. ज्ञानदेव रुसून आत बसलेत, बाहेर चिमुरडी मुक्ता "ताटी उघडा ज्ञानेश्वरा" म्हणून विनवतेय, एवढं २०१९ मध्ये घेतलं. ताटी उघडते आणि दोघं समोरासमोर येतात, हे राहिलं होतं. तेव्हा पोरगी नऊ वर्षांची होती, आता बारा. ज्ञानदेवांच्या खांद्याला लागायला लागली.

ताटीलाही वाळवी लागली होती. नवी विणून घेतली तर ती पिवळीधमक. गोवऱ्यांच्या धुरात दोन दिवस धरली तेव्हा कुठं जुनी दिसली. मुलीला काय धुरात धरणार! दुसरी मुलगी घ्यायची तर सगळं पुन्हा. निर्माते चिडून म्हणाले, "प्रभात कंपनीनं १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये भिंत चालवून दाखवली, आणि तुम्हाला एक पोर लहान दाखवता येत नाही?" टोमणा होता, पण खरा होता.

शेवटी सेटिंगच्या दादांनीच तोडगा काढला. ताटीपुढं अंगणात पहारीनं वीतभर खड्डा खणला आणि मुक्ताईला त्यात उभं केलं. कॅमेरा गुडघ्याच्या वर. सप्टेंबरचे दिवस, खड्ड्यात पाणी झिरपायचं. दर टेकनंतर ती मला म्हणायची, "मावशी, पाय गारठले." मी पंच्यानं पुसायचे आणि परत उभी करायचे. अकराव्या टेकला ताटी उघडली आणि ती रडली. दिग्दर्शक खूश. मला विचाराल तर ते रडू निम्मं गारठ्याचं होतं.

आता फक्त सेन्सॉर बाकी आहे. लागला की जा, आणि ताटी उघडताना मुक्ताईचे पाय शोधा. दिसणार नाहीत.