हॉवर्थ: ब्राँटे भगिनींचं घर आणि मागचं माळरान

हॉवर्थ हे उत्तर इंग्लंडमधलं गाव. शार्लट, एमिली आणि ॲन या कादंबरीकार ब्राँटे भगिनी इथे राहत. लीड्सहून कीथलीला लोकल गाडी आहे. तिथून हॉवर्थला बसने जावं किंवा वाफेच्या इंजिनाच्या गाडीने. गाडीचा मार्ग पाच मैलांचाच आणि देखणा आहे, पण ती हिवाळ्यात रोज धावत नाही, म्हणून मी बस धरली. शिवाय ही रेल्वे 1867 ची. तोवर ब्राँटे कुटुंबातलं कुणीच हयात नव्हतं.

फरसबंदीचा खडा चढ संपला की चर्च, दफनभूमी आणि तिला लागूनच या बहिणींचे वडील, पाद्री पॅट्रिक ब्राँटे यांचं घर. 1928 पासून तिथे संग्रहालय आहे. आत शिरण्याआधी दफनभूमीत थोडं थांबावं, असं मी आग्रहाने सांगेन. गावाचं पाणी दूषित आहे, अशी तक्रार खुद्द पॅट्रिकनी केली. 1850 मध्ये सरकारी निरीक्षक बेंजामिन बॅबेज यांनी पाहणी केली, तेव्हा गावात मृत्यूचं सरासरी वय 25.8 वर्षं निघालं. 41 टक्के मुलं सहा वर्षांची होण्याआधीच जात होती. आडव्या शिळांखाली दाटीवाटीने पुरलेली प्रेतं, उघडी गटारं आणि त्यांच्या आसपासचंच पिण्याचं पाणी. आज तिथे सावली देणारी झाडं नंतर लावलेली आहेत. एमिलीच्या 'वदरिंग हाइट्स' या कादंबरीत माणसं किती पटापट मरतात, असं वाचकाला वाटतं खरं. पण लेखिकेच्या खिडकीतून हेच दिसत होतं.

घरात सगळ्यात जास्त वेळ जेवणाच्या खोलीला द्यावा. मूळ टेबल 2015 मध्ये परत आलं. त्यावर शाईचे डाग आहेत आणि एक छोटं 'ई' कोरलेलं आहे. रात्री तिघी बहिणी याच टेबलाभोवती फेऱ्या घालत आपापलं लिखाण एकमेकींना ऐकवायच्या. शार्लटचं 'जेन एअर', एमिलीचं 'वदरिंग हाइट्स' आणि ॲनचं 'ॲग्नेस ग्रे' ही तिन्ही पुस्तकं 1847 च्या अखेरच्या तीन महिन्यांत आली. पुढच्या सप्टेंबरात भाऊ ब्रॅनवेल, डिसेंबरात एमिली आणि मे 1849 मध्ये ॲन गेली. नंतर शार्लट त्याच खोलीत एकटीच चालत राही. मला तरी हॉवर्थमध्ये याहून मोठं काही सापडलं नाही.

मग टॉप विदेन्स, म्हणजे माळरानावरचं पडकं शेतघर. 'वदरिंग हाइट्स'मधलं घर एमिलीला यावरून सुचलं, असं मानतात. पेनिस्टन हिलवरून ब्राँटे धबधबा, छोटा दगडी पूल आणि पुढे चढ. जाऊन-येऊन 11-12 किलोमीटर, चार तास हाताशी ठेवावेत. कोकणातल्या सड्यासारखी ही जमीन टणक नसते. खाली पाणी धरून ठेवणारं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर असल्याने पायवाट सोडली की पाय घोट्यापर्यंत रुततो. साधे कॅनव्हासचे बूट पहिल्या तासातच भिजतात. धुकं उतरलं की खुणा दिसत नाहीत, म्हणून कागदी नकाशा घ्यावा. हेदरची जांभळी झुडपं ऑगस्टमध्ये फुलतात. कोरड्या उन्हाळ्यात धबधबा मात्र जेमतेम धार असतो.

वर पडक्या भिंती आहेत आणि ब्राँटे सोसायटीने 1964 मध्ये लावलेली पाटी. कादंबरीतल्या घराशी या इमारतीचं साम्य नव्हतं, असं ती स्पष्ट सांगते. अनेकजण इथे हिरमुसतात. भिंतींकडे पाठ करून उभं राहावं: आडोसा नाही, वारा थेट अंगावर. एमिलीने कादंबरीसाठी इथून काही घेतलं असलंच, तर ती ही जागा, घर नव्हे.

ॲनची कबर हॉवर्थमध्ये शोधू नये. ती स्कारबरोला समुद्राकाठी आहे. मूळ दगडावर तिचं वय 28 कोरलं गेलं. ती 29 वर्षांची होती. 2011 मध्ये शेजारी दुरुस्तीची नवी पाटी बसवली आहे.