उसातली भीती

'तुंबाड' हा भीतीचा सिनेमा 2018 मध्ये लागला तेव्हा मी बघितला त्या शोला मोजून अकरा माणसं होती. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा रात्रीच्या शोला आम्हाला कशाबशा कडेच्या दोन खुर्च्या मिळाल्या. पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी त्यानं जास्त गल्ला जमवला, हे कळल्यावर घरातलं पोरगं पहिलं आल्यासारखा आनंद झाला मला.

सोबत भाचा होता. कॉलेजसाठी आमच्याकडंच राहतो. बाहेर पाऊस, पडद्यावरही पाऊस. 1918 च्या भागात तो लहान मुलगा घरात एकटा राहतो आणि साखळीनं बांधलेल्या म्हातारीला जेवण द्यायला जातो, तिथं सगळं थिएटर गप्प झालं. भाचा श्वास रोखून बसलेला. आणि नेमका दोन ओळी पुढं एकानं मोबाईल काढला. पांढराशक्क उजेड. मी उठून जाऊन सांगितलं, "दादा, तेवढा मोबाईल ठेवा की." त्यानं ठेवला, पण तोवर भीती पळाली होती. परत यायला दहा मिनिटं गेली. शेवटी तर पडद्यावर नावं यायच्या आधीच लाइट लावले. असला सिनेमा संपल्यावर माणसाला दोन मिनिटं अंधारात बसू द्यावं, एवढीच माझी मागणी आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये 'मुंज्या' आणि ऑगस्टमध्ये 'स्त्री 2' बघितला. दोन्हीकडं गर्दी, शिट्ट्या, हशा. लोक खूश होते, पण मला ही भुताची आणि विनोदाची मिसळ मानवत नाही. भीती हळूहळू साठते. ती गळ्याशी आली की पात्र काहीतरी विनोद करतं, थिएटर हसतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. 'मुंज्या'चा कोकणातला सुरुवातीचा भाग मला फार आवडला. पुढं कॉम्प्युटरवर केलेला तो मुंजा नखशिखांत दिसायला लागला आणि माझ्यापुरता धाक संपला. आमची आजी मुंजाच्या गोष्टी सांगायची. मुंज झालेलं, पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेलं पोरगं, पिंपळावर राहतं. त्याचं तोंड कसं असतं ते तिनं कधीच सांगितलं नाही. "पिंपळाखालनं जाताना मागं बघायचं न्हाई," एवढंच. मी अजून बघत नाही.

भाच्यानं 'लपाछपी' बघितला नव्हता. 2017 चा मराठी सिनेमा, पुढं त्याचाच हिंदीत 'छोरी' झाला. मला मराठीच जवळचा. एका रविवारी रात्री लाइट बंद करून, हेडफोन वाटून घेऊन लॅपटॉपवर दोघांनी बघितला. पोटुशी बाई, चारी बाजूंनी ऊस, आणि त्या उसात खेळणारी पोरं. त्या पोरांमागचं कारण कळतं तेव्हा भुतापेक्षा माणसांचीच जास्त भीती वाटते. उषा नाईकांची तुळसाबाई तर कितीही वेळा बघा, पोटात गोळा येतो.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. दहा-अकरा महिन्यांच्या उसात सरीत उभं राहिलं की पुढचा माणूस दोन हातांवर असला तरी दिसत नाही. पाल्याच्या कडेनं हातावर बारीक चिरा पडतात, घाम लागला की चुरचुरतात. वारा नसला तरी आत काहीतरी सळसळत असतं. लहानपणी वडील रात्री उसाला पाणी पाजायला, दारं धरायला जायचे, मी बॅटरी घेऊन बांधावर उभी. त्यांच्या खोऱ्याचा आवाज थांबला की मी हाक मारायची. लगेच ओ आली नाही, तर ते चार-पाच क्षण! एकाही सिनेमानं मला तेवढं घाबरवलेलं नाही. पण 'लपाछपी'नं ते बरोबर ओळखलंय, भूत दाखवायच्या आधी तो ऊस दाखवत राहतो.

त्याच आठवड्यात भाचा गावाला गेला. शेतीची लाइट रात्रीची होती, माझ्या दादाच्या पायाला लागलेलं, म्हणून पाणी पाजायला हाच गेला. रात्री पावणेएकला माझा फोन वाजला.

"आत्ती, झोपलीस व्हय?"

"न्हाई. काय झालं रं?"

"काय न्हाई. दोन सऱ्या ऱ्हायल्यात. तेवढं होईस्तोवर बोलत बस."

त्याच्या मागं पाण्याचा आवाज येत होता, आणि ती सळसळ. दोन्ही सऱ्या भरून तो बांधावर येईपर्यंत मी बोलत राहिले.