डबक्याची शिरगणती

जुलै लागला की पुण्यात पाणी फक्त टीएमसीत (अब्ज घनफुटांत) मोजतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणांची मिळून क्षमता सुमारे २९. आज किती भरलं, विसर्ग कधी, भिडे पूल बुडाला का, एवढ्यावर सकाळचा चहा निघतो. मला त्याच दिवसांत टेकडीवरच्या डबक्यांची ओढ लागते. कातळाच्या खोलगटात साचलेलं, गढूळ, जेमतेम घोट्याएवढं पाणी. काचेच्या बाटलीत थोडं घ्यायचं, गाळ बसू द्यायचा आणि बाटली उजेडाकडे धरायची.

झटके देत वरखाली उड्या मारणारे ठिपके दिसले तर ते डाफ्निया किंवा मोइना, म्हणजे जलपिसवा. सुळकन पळून मध्येच थबकणारे सायक्लॉप्स. मादी असली तर शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या. तळाशी तिळाएवढ्या शिंपल्या चालताना दिसतात, ते ऑस्ट्रॅकॉड. आणि नशीब जोरावर असेल तर फेअरी श्रिम्प: बोटाच्या पेराएवढी, आरपार दिसणारी, पोट वर करून निवांत पोहणारी. ही सगळी खेकडा-कोळंबीची भावकी, फक्त मंडईत यांना भाव नाही. गोड्या पाण्यातल्या कोपेपॉडांच्याच (सायक्लॉप्स त्यांतलाच) जगभरात अडीच हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत.

वाटेल की एवढं मोठं खडकवासला असताना चांगला माल तिथेच असणार. फेअरी श्रिम्प शोधायची तर तिथे जाऊन उपयोग नाही. कारण साधं आहे: मासे. मासा आधी मोठा, ठळक दिसणारा प्राणी टिपतो. १९६५ साली ब्रुक्स आणि डॉडसन या अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की तळ्यात असे मासे आले की मोठ्या जलपिसवा नाहीशा होतात आणि बारीक तेवढ्या उरतात. फेअरी श्रिम्पकडे तर ना कवच, ना पळण्याचा वेग. दिवाळीपर्यंत आटून जाणारं डबकं हाच तिचा किल्ला. तिथे मासा टिकतच नाही.

पण मग डबकं आटल्यावर ती कशी टिकते? अंड्यांच्या जिवावर. डाफ्नियाच्या घरी सुगीच्या दिवसांत बहुतेक मादीराज असतं. नराची गरज नाही, मुलीला मुलगी होत जाते. दाटी झाली, खाणं कमी पडलं किंवा हवा पालटली की नर जन्मतात आणि मग टणक वेष्टनातली अंडी तयार होतात. ती मातीत पडून राहतात. नॉर्वेच्या सार्स या प्राणिशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाहून आलेला वाळका चिखल घरी पाण्यात भिजवला, त्यातून निघालेले प्राणी वाढवले आणि १८८५ साली त्यांची वर्णनं छापली. ऑस्ट्रेलियाला न जाता तिथल्या जाती नोंदवायच्या, ही कामाची पद्धत मला फार आवडते. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका तळ्याच्या गाळातून सुमारे ७०० वर्षांपूर्वीची डाफ्नियाची अंडी उबवून दाखवल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. देवगिरीच्या यादवांचे शेवटचे दिवस चालले होते, तेव्हाची ती अंडी!

अशी अंडी बदकाच्या पायाला चिकटून, त्याच्या पोटातून, वाऱ्यावर कुठेही जाऊ शकतात. म्हणून बराच काळ समज असा होता की या प्राण्यांना देश-सीमा नाहीत, सगळीकडे तेच ते. युरोपातली नावं इकडच्या जिवांनाही सर्रास चिकटवली गेली. १९८०च्या दशकात जलपिसवांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड फ्राय यांनी बारकावे तपासून दाखवलं की एकच म्हणून खपलेल्या कित्येक जाती प्रत्यक्षात वेगवेगळ्या आहेत. प्रवास सोपा, बिऱ्हाड थाटणं अवघड. पीएमटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी आधी आलेल्यांची पिलावळ डबकं भरून टाकते आणि मागून आलेल्याला उभं राहायलाही जागा मिळत नाही, असं काही अभ्यासक मानतात. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन डबक्यांतही वस्ती वेगळी निघू शकते. टेकडीवरून रस्ता न्यायचा म्हटलं की झाडं मोजली जातात, ते योग्यच. डबकी मोजलेली मी अजून ऐकली नाहीत.

जुन्या पिढीला यांतला सायक्लॉप्स पक्का माहीत आहे, तो नारूमुळे. नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात असत, पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी न गाळता प्यायलं की माणसाच्या पोटात जात, आणि वर्षभराने पायातून हातभर जंत बाहेर पडे. दुहेरी फडक्याने पाणी गाळा, हा उपाय त्यासाठीच. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पण याच सायक्लॉप्सचे सख्खे भाऊ, मेसोसायक्लॉप्स, व्हिएतनामच्या खेड्यांत मुद्दाम पाण्याच्या टाक्यांत सोडले गेले, कारण ते डेंग्यूच्या डासाच्या नुकत्या फुटलेल्या अळ्या खातात. तिथे हा उपाय चांगलाच लागू पडला.

ही माहिती आमच्या सोसायटीत चालत नाही. बाल्कनीत टेकडीवरची मूठभर माती भिजवलेला टब पाहून चेअरमनकाका म्हणाले, "अहो, डास होतील. त्यात दोन गप्पी मासे सोडा."

गप्पी सोडले तर आठवड्याभरात टबात बघायला फक्त गप्पीच उरतील, हे त्यांना कसं समजवायचं? मी टबावर जुनी मच्छरदाणी बांधली आहे. काकांचं समाधान झालेलं नाही, पण टब अजून जागेवर आहे.