बबल पॉइंट नापास झाला की आधी काय बघायचं

इंजेक्शनचं द्रावण व्हायलमध्ये भरण्याआधी शेवटच्या 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून जातं. तो फिल्टर शाबूत होता हे दाखवणारी इंटिग्रिटी टेस्ट नापास झाली की पूर्ण बॅच अडकते. माझा अनुभव असा की नापास झालेल्या टेस्टमध्ये मेम्ब्रेन (फिल्टरचा गाळणारा पडदा) खरोखर फाटलेलं फार कमी वेळा निघतं. बहुतेक वेळा ते नीट भिजलेलं नसतं, किंवा तापमान स्थिर नसतं, नाहीतर कुठली तरी ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) दुमडलेली असते.

टेस्टमागचं तत्त्व साधं आहे. भिजलेल्या छिद्रातलं पाणी पृष्ठताणामुळे धरून राहतं आणि ते बाहेर ढकलायला गॅसचा ठरावीक दाब लागतो, तोच बबल पॉइंट. 0.22 मायक्रॉनची सरळ नळी धरली तर सूत्राने हा दाब 13 बारच्या आसपास येतो. प्रत्यक्षात पीव्हीडीएफ या प्लॅस्टिकच्या मेम्ब्रेनला पाण्यात साधारण साडेतीन बारलाच बुडबुडे सुटतात, कारण छिद्रं नळीसारखी नसतात, स्पंजसारखी वेडीवाकडी असतात. 0.22 हा आकडाही मोजपट्टीचा नव्हे. ब्रेव्हुंडिमोनास डिमिन्युटा हा बारीक जिवाणू दर चौरस सेंटिमीटरला एक कोटी या प्रमाणात सोडला आणि पलीकडे एकही गेला नाही, तर फिल्टर निर्जंतुक करणारा मानतात. 1960च्या दशकापर्यंत 0.45 चालत असे. हाच जिवाणू त्यातून पार होतो हे दिसल्यावर 0.22 आला.

कार्ट्रिज (घड्या घातलेल्या मेम्ब्रेनचं नळकांडं) बसवताना माझा पहिला नियम: ओ-रिंग कोरडी असताना कधीही ढकलायची नाही. कोड 7 प्रकारच्या जोडणीच्या दहा इंची कार्ट्रिजला 226 मापाच्या दोन रिंगा असतात. त्या डब्ल्यूएफआयने (इंजेक्शनच्या दर्जाच्या शुद्ध पाण्याने) ओल्या करायच्या, कार्ट्रिज पिशवीतच धरून बुडाशी पकडायचं, सरळ दाबायचं आणि मग पाव वळसा द्यायचा. वरच्या टोकाला धरून पिळलं तर ताण जाळीवर आणि जोडावर येतो. कोरडी रिंग खोबणीतून गुंडाळत बाहेर येते आणि टेस्टमध्ये ती हुबेहूब फाटक्या मेम्ब्रेनसारखी वागते.

एसआयपीत (फिल्टर जागेवरच वाफेने निर्जंतुक करताना) 121 अंशांवर फिल्टरच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक 0.3 बारच्या आत ठेवतो. या तापमानाला आतला प्लॅस्टिकचा आधार मऊ पडतो आणि जास्त फरकाने घड्या चेपतात. वाफ बंद झाल्यावर लगेच वरच्या बाजूने निर्जंतुक कोरडी हवा द्यावी लागते, नाहीतर थंड होताना पोकळी होऊन उलटा दाब बसतो. यातली घाई महागात पडते.

भिजवण्यात कंजुषी नको. व्हेंट (हवा सोडायची तोटी) उघडा ठेवून हाउसिंग (कार्ट्रिज ज्यात बसतं ते भांडं) हळूहळू भरायचं. व्हेंटमधून बुडबुड्याविना सलग धार आली की तो बंद करायचा. मग दहा इंची कार्ट्रिजला मिनिटाला पाच ते दहा लिटर पाणी, पाच-दहा मिनिटं. यातली खुबी म्हणजे बाहेरचा व्हॉल्व्ह अर्धवट मिटून आत दीड-दोन बारचा पाठदाब ठेवणं. त्याने घडीत अडकलेली हवा पाण्यात विरघळून निघून जाते. नुसता प्रवाह वाढवला तर पाणी सोपी वाट धरतं आणि कोरडे कोपरे कोरडेच राहतात.

आता तापमान. टेस्टचं यंत्र बहुतेकदा दाबाची घट मोजून त्यावरून विसरणाचा वेग काढतं, म्हणजे भिजलेल्या मेम्ब्रेनमधल्या पाण्यात विरघळून किती गॅस पलीकडे जातो ते. वरच्या बाजूचं आकारमान 2 लिटर आणि 5 मिनिटांत 20 मिलिबार घट असेल तर वेग मिनिटाला सुमारे 8 मिलिलिटर येतो. टेस्टचा दाब 2.76 बार धरा. गॅस फक्त 1 अंशाने थंड झाला तरी जवळजवळ 13 मिलिबार दाब उतरतो, म्हणजे मिनिटाला 5 मिलिलिटरची खोटी गळती. वाफेनंतर हाउसिंग हाताला कोमट लागत असताना टेस्ट लावली तर नापास होणारच. याच्या उलट प्रकार जास्त वाईट: थंड पाण्याने फ्लश केलेलं हाउसिंग खोलीत गरम होत गेलं, तर वाढणारा दाब खरी गळती झाकतो. नापास टेस्ट सगळे तपासतात, अशी पास झालेली कोणी तपासत नाही. म्हणून पाणी, हाउसिंग आणि खोली एका तापमानाला आल्याशिवाय मी बटण दाबत नाही, आणि एसीचा झोत हाउसिंगवर येऊ देत नाही.

तीस इंची किंवा अनेक कार्ट्रिजच्या हाउसिंगवर बबल पॉइंट घेण्यात अर्थ नाही. क्षेत्रफळ मोठं असल्याने विसरणच इतकं होतं की बुडबुडे कुठे सुरू झाले ते कळत नाही. तिथे बबल पॉइंटच्या साधारण 80 टक्के दाबावर विसरण मोजायचं.

वापरानंतरच्या टेस्टमध्ये उत्पादन आडवं येतं. पॉलिसॉर्बेट (साबणासारखं वागणारा घटक) असलेल्या द्रावणाचा पृष्ठताण कमी, म्हणून बुडबुडे लवकर सुटतात. पाण्यात 3.5 बार आणि उत्पादनात 2.6 बार आला तर गुणोत्तर 0.74, कार्ट्रिजच्या पाण्यातल्या किमान मर्यादेला त्याने गुणून उत्पादनाची मर्यादा ठरते. हे गुणोत्तर आधी व्हॅलिडेशनमध्ये (प्रक्रियेच्या पडताळणीत) ठरलेलं हवं, टेस्ट नापास झाल्यावर काढायचं नाही.

नापास झाल्यावरचा क्रम आमच्या एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) आधीच लिहिलेला असतो: आधी क्लॅम्प, गास्केट, नळ्या आणि यंत्राची स्वतःची गळती तपासून पुन्हा टेस्ट, मग जास्त पाठदाबाने पुन्हा भिजवून टेस्ट, शेवटी 70 टक्के आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) भिजवून, आयपीएसाठी दिलेल्या मर्यादेवर. आयपीए तेलकट थरालाही भिजवतं, त्यामुळे त्यातही नापास झाला तर फिल्टर खराब समजायचा. आयपीए ज्वालाग्राही आहे, म्हणून हवेऐवजी नायट्रोजन. या पायऱ्यांपलीकडे ‘अजून एकदा करून बघू’ याला जागा नाही. पास होईपर्यंत केलेली टेस्ट ही टेस्टच नव्हे.

निर्जंतुक औषधांसाठीच्या युरोपच्या नियमावलीने, ॲनेक्स 1ने (25 ऑगस्ट 2023पासून लागू) निर्जंतुक केल्यानंतर आणि वापराआधीही टेस्ट मागितली आहे. कारण असं की वाफेत पडलेली बारीक चीर उत्पादनाच्या कणांनी बुजली तर नंतरची टेस्ट पास दाखवू शकते. पण खालची बाजू निर्जंतुक ठेवून फ्लशचं पाणी आणि गॅस बाहेर काढायचा तर पलीकडे आणखी एक बॅरियर फिल्टर आणि निर्जंतुक पिशवी लागते. टाकीच्या व्हेंटवरचा पाणी न धरणारा पीटीएफई फिल्टर वेगळाच; त्याला पाणी-शिरकाव चाचणी (दाबाखाली पाणी आत किती शिरतं ते मोजणारी), आणि त्यावर आयपीएचा मागमूसही नको.

नापास झालेलं कार्ट्रिज मी कधीही लगेच टाकत नाही. ओलं असतानाच पिशवीत सील करून, बॅच नंबर आणि वेळ लिहून ठेवतो. वाळलं तर चीर आधीची की हाताळणीतली, हे नंतर सांगता येत नाही.